शालवन आणि पहिली सर

इंदूरच्या एखाद्या शाळकरी मुलास, आपल्या नळाला पाणी कोठून येते, असे विचारले तर तो क्षणाचाही विलंब न लावता "नर्मदेहून" असे उत्तर देईल. जलूदहून नर्मदेचे पाणी घाट चढवून इंदुरास आणण्याच्या योजनेचा पहिला टप्पा १९७८ साली पुरा झाला, आणि तेव्हापासून या शहरातील मराठी घरांतही देवपूजेच्या कलशापासून चहाच्या आधणापर्यंत नर्मदाच नांदते आहे. जबलपूरकर तर तिच्या काठीच राहतात. गुजरातेतही सरदार सरोवराच्या कालव्यांनी ती दूरदूर पोहोचली आहे. पण त्याच मुलास पुढचा प्रश्न विचारून पाहावा. नर्मदेला स्वतःला पाणी कोठून येते? पावसाळ्यात ते आभाळातून येते, हे ठीक. परंतु वैशाखाच्या उन्हात कोठून येते?

गंगा-यमुनेच्या माथ्यावर हिमालयाचे बर्फ आहे. ते उन्हाळ्यात वितळते व नदीस पुरवठा करते. नर्मदेच्या उशाशी बर्फ नाही. अमरकंटकाच्या कुंडातून निघून डिंडोरी, मंडला अशी गावे घेत जबलपूरकडे येणाऱ्या या नदीचे उन्हाळ्यातील पाणी म्हणजे मैकल पर्वताच्या मातीने पावसाळ्यात पिऊन ठेवलेले व पुढे थेंबाथेंबाने सोडलेले पाणी होय. ती माती जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम तेथील अरण्य करते. आणि त्या अरण्याचा मोठा मानकरी आहे शालवृक्ष. म्हणूनच या शालवनावर येणारी आपत्ती ही केवळ वनखात्याची चिंता नसून ती आपल्या घरातील हंड्या-कळशीपर्यंत पोहोचणारी गोष्ट आहे, असे आम्हांस वाटते.

शालवृक्षाची ओळख

हिंदी मुलखात या झाडास 'साल' म्हणतात. मंडला आणि छत्तीसगडकडील खेड्यांतून 'सरई' हे नाव ऐकू येते. मराठीत साल म्हणजे झाडाचे कातडे. तेव्हा घोटाळा नको म्हणून आम्ही येथे 'शाल' हे संस्कृत वळणाचे नावच वापरणार आहोत. महाराष्ट्राच्या जंगलांत सागाचे राज्य असल्यामुळे आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात शाल फारसा येत नाही. पण त्याची एक वस्तू आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती म्हणजे राळ. धुपात पडणारी, मलमांत घातली जाणारी राळ हा शालवृक्षाच्या खोडातून पाझरणारा डिंकासारखा रस होय. बुद्धाचा जन्म आणि परिनिर्वाण ही दोन्ही शालवृक्षांच्या छायेत झाली, अशी परंपरा सांगते. अलीकडच्या काळात याच झाडाच्या बियांचे तेल कोकोच्या लोण्याऐवजी चॉकलेटातही वापरले जाऊ लागले आहे. आगगाडीच्या रुळांखाली घालण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून शालाच्या लाकडाची जी प्रचंड तोड झाली, ती त्याच्या टणकपणामुळेच. गोंड व बैगा लोकांच्या जीवनात तर हे झाड घराच्या खांबापासून उन्हाळ्यातील बी-वेचणीच्या रोजगारापर्यंत सर्वत्र आहे.

राळेचा उल्लेख आम्ही मुद्दाम आधी केला. कारण पुढील साऱ्या कथेचा कणा तीच आहे.

शालाचा एक स्वभाव विलक्षण आहे. मार्च महिन्याच्या सुमारास तो फिकट पिवळसर फुलांनी भरून जातो आणि मेअखेरीस अथवा जूनमध्ये त्याची पंखधारी बी गिरक्या घेत खाली पडते. या बीचे आयुष्य अगदी अल्प असते. गहू-हरभऱ्याचे बी वर्षभर कणगीत राहू शकते. शालाचे बी फार तर आठ-दहा दिवस जिवंत राहते. तेवढ्यात पहिली सर आली तर कोंब फुटतो. मृग कोरडा गेला तर लाखो बिया जमिनीवर निर्जीव होऊन पडतात. उगवलेल्या रोपाचीही परीक्षा संपत नाही. उन्हाळ्यात त्याचा शेंडा वाळतो, मूळ तेवढे जगते, पुढील पावसात पुन्हा नवा शेंडा फुटतो. असे अनेक वर्षे चालते. मूळ पुरेसे खोल गेल्यावरच ते रोप वर उठते. थोडक्यात, आज आपण जे उंच शालवन पाहतो, त्यामागे कित्येक वेळेवर आलेल्या मृगांची पुण्याई उभी आहे.

त्याच सरीची वाट पाहणारा दुसरा

या पहिल्या सरीची वाट पाहणारा आणखी एक जीव त्याच वनात, किंबहुना त्याच झाडाच्या गाभ्यात, दडून बसलेला असतो. त्यास इंग्रजीत 'साल बोअरर' आणि शास्त्रीय परिभाषेत 'हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पायनिकॉर्निस' म्हणतात. आपण त्यास शालभुंगेरा म्हणू. लांब मिशांचा, गडद तपकिरी रंगाचा हा भुंगेरा दोनपासून साडेसहा सेंटिमीटरपर्यंत लांब असतो. उन्हाळ्यात त्याची पूर्ण वाढ झालेली असते, पण तो बाहेर येत नाही. लाकडातील आपल्या कोठडीत तो स्वस्थ पडून राहतो. जूनमध्ये पावसाची पहिली दमदार सर कोसळली, हवेत ओलावा आला, की भुंगेरे भराभर बाहेर पडतात. ज्या सरीने शालाचे बी रुजते, तीच सर त्याच्या वैऱ्याचेही दार उघडते.

मादी सालीच्या फटींत शंभरांपासून तीनशेपर्यंत अंडी घालते. थोड्याच दिवसांत बारीक अळ्या निघतात आणि सालीखालचा रसाळ थर कुरतडीत, पुढे लाकडाच्या बाहेरच्या भागातून थेट गाभ्यापर्यंत बोगदे खणीत जातात. झाडाच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा ढीग दिसू लागला की समजावे, आत काम चालू आहे. सालीखालचा थर चहूबाजूंनी कापला गेला, म्हणजे पानांनी तयार केलेले अन्न मुळांस पोहोचत नाही, आणि शंभर वर्षांचा वृक्ष काही महिन्यांत वाळून जातो. फवारणीचा येथे उपयोग नाही. कारण अळी वीतभर लाकडाआड सुरक्षित असते.

मग सारे शालवन केव्हाच नष्ट का झाले नाही? कारण झाड हातपाय गाळून बसत नाही. अळीने सालीत पहिले दात रोवले, की निरोगी शालवृक्ष त्या जखमेत राळ ओततो. कोवळी अळी त्या चिकट रसात बुडून मरते. आपण धुपाटण्यात टाकतो ती राळ म्हणजे मुळात शालवृक्षाचे शस्त्र आहे. म्हणून सामान्य वर्षी भुंगेऱ्यास केवळ पडलेली, मोडलेली, म्हाताऱ्या वयाची वा आजारी झाडेच मिळतात. तेथे तो वाढतो, आणि जीर्ण लाकडाची माती करण्याचे वनातील आवश्यक काम करतो. सुतार पक्षी आणि अळ्या खाणारे दुसरे कीटक त्याची संख्या आटोक्यात ठेवतात. तो शालवनात बाहेरून घुसलेला परका नाही. त्या वनाचाच जुना रहिवासी आहे.

संख्या वाढते तेव्हा

परंतु कधी कधी हा समतोल ढळतो. मंडल्याच्या भागात १९२३ ते १९२८ या काळात शालभुंगेऱ्याची मोठी साथ आली होती. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ बीसन यांनी भारतातील वनकीटकांवर १९४१ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून उभा राहिला होता. त्यानंतर लहानमोठ्या साथी येत राहिल्या. पण १९९० नंतरच्या दशकात मंडला, डिंडोरी आणि आसपासच्या वनांत जी साथ उसळली, तिने सर्वांचीच झोप उडविली. १९९७ व १९९८ ही तिच्या ऐन भराची वर्षे. या साथीत सुमारे तीस लाख शालवृक्ष बाधित झाल्याचे सांगितले जाते.

एवढी संख्या झाल्यावर राळेचे शस्त्र अपुरे पडते. एका झाडावर पाचपन्नास अळ्या आल्या तर ते त्यांना बुडवू शकते. शेकडो आल्या तर त्याचा साठाच संपतो. मग निरोगी झाडेही पडू लागतात. पडलेल्या प्रत्येक झाडातून पुढच्या जूनमध्ये आणखी भुंगेरे निघतात, आणि चक्र फुगत जाते.

त्यावरचा जुना उपाय मोठा कल्पक आहे. ताज्या कापलेल्या शालाच्या रसाचा वास भुंगेऱ्यांस दुरून खेचून घेतो. म्हणून पावसाच्या सुरुवातीस वनातील काही निवडक झाडे पाडतात, त्यांचे ओंडके करून साल ठेचून ठेवतात. रस पिऊन भुंगेरे सुस्तावतात, दारू प्यालेल्या माणसासारखे त्यांस उडण्याचेही भान राहत नाही. सकाळी गावकरी येऊन त्यांस वेचतात आणि भुंगेऱ्यांच्या संख्येप्रमाणे पैसे घेतात. यास 'ट्रॅप ट्री' म्हणजे सापळा-झाडाची पद्धत म्हणतात. त्या साथीच्या वर्षांत आदिवासी स्त्री-पुरुष आणि मुले यांनी भरपावसात असे असंख्य भुंगेरे वेचले. यंत्रे आणि औषधे जेथे हतबल झाली, तेथे माणसाची बोटे कामी आली.

दुसरा उपाय कुऱ्हाडीचा. आणि येथेच खरा वाद पेटला. बाधित झाड कापून वनाबाहेर नेले तर आतील अळ्याही जातात, हे खरे. पण कोणते झाड मेलेले, कोणते सावरण्यासारखे, हे ठरवायचे कोणी? थोडा भुसा दिसला की झाड तोडावे, तर राळेच्या बळावर वाचू शकणाऱ्या झाडांसही मरण येते. पावसाळ्यात तोड केली तर ताज्या लाकडाचा वास नव्या भुंगेऱ्यांस आमंत्रण देतो. शिवाय शालाचे लाकूड मौल्यवान. रोगाच्या निमित्ताने निरोगी झाडे जाणार नाहीत, याची हमी कोणी द्यावी? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात देशभरातील वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले होते. त्यामुळे बाधित शालवृक्षांच्या तोडीचा हा प्रश्नही न्यायालयापुढे गेला. एका भुंगेऱ्याने वनाधिकारी, शास्त्रज्ञ, पर्यावरणवादी आणि न्यायाधीश या सर्वांस एकाच प्रश्नापुढे उभे केले: वाचविण्यासाठी तोडावे की तोडू नये म्हणून वाचवावे?

आभाळाचा वाटा

या साथीचे कारण काय, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. वनांत फार वयाची झाडे साठली होती. काही ठिकाणी शालच शाल दाट उभा होता. पडलेले लाकूड वेळेवर बाहेर गेले नव्हते. त्यांत लागोपाठ भुंगेऱ्यांस मानवणारे ओले पावसाळे आले, की साथीस सारे साहित्य तयार होते. ही केवळ बदलत्या हवामानाची करणी, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. १९२३ सालीही भुंगेरा होताच. पण हवामानाचा वाटा यापुढे वाढत जाईल, अशी भीती बाळगण्यास सबळ कारण आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याच संस्थेच्या पुढाकाराने २०२० साली निघालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. तसेच १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरड्या खंडांचे प्रमाण २७ टक्क्यांनी अधिक होते. म्हणजे पाऊस येतो तो धो धो, आणि जातो तो दीर्घकाळ.

आता शालवृक्षाच्या जागी उभे राहून या आकड्यांकडे पाहावे. पहिल्या सरीनंतर तीन आठवडे पाऊस दडून बसला तर नुकता फुटलेला कोंब करपतो. उन्हाळा लांबला, मुळांशी पाणी उरले नाही, तर राळ तयार करण्याची झाडाची शक्ती घटते. तहानलेल्या झाडाचे शस्त्र बोथट होते. वादळी पावसाने झाडे उन्मळून पडली तर भुंगेऱ्यास आयते अन्न मिळते. झाडाच्या बाजूची प्रत्येक गोष्ट थोडी कमी, वैऱ्याच्या बाजूची थोडी अधिक; तराजू असाच हळूहळू कलतो.

असे घडू शकते याचा दाखला जगाने पाहिला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइन वृक्षांच्या सालीखाली राहणारा तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा आहे. पूर्वी उणे चाळीस अंशांच्या जवळ जाणारी थंडी त्याच्या अळ्यांस दर काही वर्षांनी मारून टाकी. हिवाळे सौम्य झाले आणि १९९० नंतरच्या दशकापासून या किड्याने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर वनात हात फिरविला. मध्य युरोपात २०१८ च्या दुष्काळानंतर स्प्रूस वृक्षांची हीच गत झाली. तेथे तर लाकडाच्या हिशोबाने एकाच जातीची, एकाच वयाची झाडे मैलोन्‌मैल लावलेली होती. ती पाइन-स्प्रूसची झाडेही राळेनेच लढतात. आणि तहानलेली असताना त्यांचीही राळ आटली.

सावरण्याची शक्ती कोठे असते?

या साऱ्या अनुभवांतून वनशास्त्रज्ञांचे लक्ष आता एका निराळ्या प्रश्नाकडे वळले आहे. किडा कसा मारावा, यापेक्षा घाव सोसून पुन्हा उभे राहण्याची शक्ती वनाच्या ठायी कशाने येते, हे ते शोधीत आहेत. फ्रान्समधील जॅक्टेल व न्यूझीलंडमधील ब्रोकरहॉफ यांनी २००७ साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र मांडून पाहिले. त्यांत असे दिसले, की मिश्र वनात किड्यांची नासधूस एकजातीय लागवडीपेक्षा साधारणतः कमी असते. विशेषतः जो किडा ठरावीक झाडांवरच जगतो, त्याच्या बाबतीत हे अधिक खरे ठरते. शालभुंगेरा मुख्यतः शाल व त्याच्या कुळातील झाडांवर जगणारा. दोन शालवृक्षांमध्ये साजा, धावडा, आवळा, तेंदू अशी बिऱ्हाडे असली, तर भुंगेऱ्यास पुढचे घर सहज सापडत नाही.

आमच्या वाचकांस सागाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सागाची पाने पावसाळ्याच्या तोंडाशी एक अळी खाऊन जाळी करून टाकते, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. साग त्याने मरत नाही, पुन्हा पालवतो. पण केरळ वनसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निलंबूर येथे पाच वर्षे तुलना केली, तेव्हा अळीपासून न जपलेल्या कोवळ्या सागांची लाकूडवाढ जपलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे सावरणे फुकट होत नसते. त्याची किंमत झाड मुकाट्याने देत असते. याच संस्थेने पुढे त्या अळीस नैसर्गिकरीत्या होणाऱ्या एका विषाणूचा उपयोग तिच्या नियंत्रणासाठी करून दाखविला. उपायही वनातच दडलेला होता.

शालवनासाठी जाणकार जे सांगतात, त्यात चमत्कार काही नाही. सर्व वयाची झाडे असू द्यावीत. शालाबरोबर इतरांसही जागा द्यावी. पावसाळ्याआधी पडलेले ताजे लाकूड वनातून हलवावे. पावसाळ्यात तोड करू नये. दरवर्षी, साथ नसतानाही, सापळा-झाडांवरील भुंगेरे मोजीत राहावे. या शेवटच्या कामाचे महत्त्व आम्हांस सर्वाधिक वाटते. साथ आल्यावर सारेच धावतात. साथ नसलेल्या दहा वर्षांत जो शांतपणे मोजीत राहतो, तोच अकराव्या वर्षी वेळेवर हाक देऊ शकतो. आणि ती मोजणी करणारे हात बहुधा वनालगतच्या गोंड-बैगा वस्त्यांतलेच असणार. भुसा कोणत्या झाडाखाली पडला, हे कार्यालयातील नकाशापेक्षा बी वेचण्यास गेलेल्या बाईस आधी दिसते. तिच्या वनहक्काचा आणि मजुरीचा प्रश्न हा म्हणूनच किडीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

आपण शहरांतील मराठी घरे. आपण भुंगेरे वेचण्यास जाणार नाही. परंतु आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे अमरकंटकास जातात, परिक्रमेस निघतात, कान्हाच्या जंगलात मुलांस वाघ दाखविण्यास नेतात. तेथे जाताना वाघ दिसला नाही म्हणून खट्टू होण्याऐवजी मुलांस एखाद्या शालवृक्षाच्या बुंध्याशी उभे करावे. खोडावर सुकलेली राळ दाखवावी आणि सांगावे, की हे झाड येथे एक लढाई जिंकले आहे. बुंध्याशी भुसा दिसला तर तोही दाखवावा. आणि वनातून एखादा रस्ता काढण्याची वा एकाच जातीची झाडे लावून 'हिरवळ वाढविण्याची' योजना वर्तमानपत्रात वाचली, तर ती नदीच्या उशाशी चाललेली गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवून आपले मत नोंदवावे.

येत्या जूनमध्ये आपल्या अंगणात मातीचा वास दरवळेल, तेव्हा मैकलच्या उतारावरही तीच सर पडत असेल. तेथे एक बी रुजण्याची घाई करीत असेल आणि एक भुंगेरा कोठडीचे दार उघडीत असेल. दोघांपैकी कोणाची सरशी होईल, हे त्या सरीवर जितके अवलंबून आहे, तितकेच त्या वनास आपण किती सशक्त राहू दिले, यावरही आहे. पुढच्या वैशाखात नळाला येणारे पाणी त्याचे उत्तर देईल.